चामडं झोपलंय

तरुणपणी मी एका मासिकात नव्या रॉक अल्बमांवर सदर लिहीत असे. मासिक पुढं बंद पडलं. ते तुमच्या सदरामुळं नव्हे, असं संपादकांनी मला आवर्जून दोनदा सांगितलं, आणि तेव्हापासून मला संशय आहे. अल्बम म्हणजे पुण्याहून एसटीनं आलेली कॅसेट. तीही मित्राच्या मित्रानं एका टेपरेकॉर्डरसमोर दुसरा ठेवून उतरवलेली, त्यामुळं गिटारच्या ऐन भरात त्याच्या घरचा कुकर शिट्टी देई. एकदा त्या शिट्टीचं मी ‘धाडसी ध्वनिप्रयोग’ म्हणून दोन परिच्छेद कौतुक केलं होतं. नारायणगावच्या घरी, ओसरीवर, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून मी हे सगळं ऐकायचो आणि पोत, थर, अवकाश असले शब्द वहीत मांडून ठेवायचो, लग्नघरात रुखवत मांडतात तसे. आजीनं एकदा विचारलं, रॉक म्हणजे काय रे? म्हटलं, खडक. तिनं समोरच्या नारायणगडाकडं पाहिलं, मग जुन्नरच्या दिशेला, जिथं खडकात कोरलेली दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि म्हणाली, “मग ते पुण्याहून कशाला मागवायचं?”

माझी खरी हौस मात्र वेगळी होती. वादकांशी बोलावं, त्यांचं काम त्यांच्या तोंडून ऐकावं, असं फार वाटे. इंग्रजी मासिकांतल्या मुलाखती वाचून मी प्रश्नांची एक यादीच करून ठेवली होती. तुमच्यावर प्रभाव कुणाचा? नव्या अल्बममागची प्रेरणा काय? मागच्या कामापेक्षा यात वेगळं काय? आता लंडनचे गिटारवादक नारायणगावच्या स्टँडवर उतरण्याची शक्यता कमी, म्हणून यादी वहीतच राहिली. ज्या गावाला सारा महाराष्ट्र तमाशाची पंढरी म्हणतो, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड जिथला, विठाबाईंनी ज्या गावाचं नाव आयुष्यभर आपल्या नावामागं मिरवलं, त्या गावात राहून मला वादक कुठं भेटावेत याची चिंता होती. पंढरपुरात राहून विठोबाच्या फोटोसाठी कॅलेंडर शोधत फिरण्याचाच हा प्रकार.

परवा पाडव्याच्या आधी ती वही सापडली आणि मी ती घेऊन थेट राहुट्यांवर गेलो. पाडवा आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. चैत्र-वैशाखाच्या जत्रांसाठी गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला इथंच येतात. प्रत्येक राहुटीबाहेर रंगीत फलक, आणि फलकावर ‘सह’ हा शब्द. आईसह मुलगा, बहिणीसह भाऊ. रॉक बँडची माणसं दर दोन अल्बमांनी भांडून वेगळी होतात हे मी वर्षानुवर्षं लिहिलं होतं. इथं तो एवढासा ‘सह’ पिढ्यांना धरून उभा होता. एका राहुटीत सतरंजीवर मंचरकडच्या एका गावची कमिटी बसली होती. टोप्या, उपरणी, एकाच्या मांडीवर कॅल्क्युलेटर. “यंदा वग कंचा?” त्यांनी विचारलं. “गाणी नवी किती?” मग त्यातला सगळ्यात म्हातारा, जो तोवर चहाच्या कपात पाहत होता, हळूच म्हणाला, “गेल्या साली गवळण लांबली हुती. पोरं उठून भजी खायला गेली.” मॅनेजरनं मान खाली घातली. मी वहीत पाहिलं. एका अल्बमच्या दुसऱ्या बाजूबद्दल नेमकं हेच सांगायला मी आठशे शब्द घेतले होते, आणि त्यात भजी नव्हती.

ढोलकीवाले मागच्या कनातीत होते. साठीपुढचे, बारीक, बोटांची पेरं मात्र एखाद्या जाड माणसाकडून उसनी आणल्यासारखी. मी त्यांना मामा म्हटलं, त्यांनी मला पाव्हणं म्हटलं, आणि मी यादी उघडली. तुमच्यावर प्रभाव कुणाचा? मामांनी कनातीची कड उचलून बाहेर पाहिलं. अवकाळीचं आभाळ आलं होतं. “हवेचा,” ते म्हणाले. मी लिहून घेतलं आणि वाट पाहिली. मला वाटलं हवा हे कुण्या उस्तादाचं नाव असेल. पण मामांना हवाच म्हणायचं होतं. ढग आले की चामडं ओल धरतं, सैल पडतं, शाईकडची बाजू बोलेनाशी होते. हलगीचं बरं असतं, कागद पेटवून तिला धग दाखवली की ती कडाडते. ढोलकी अशी शेकता येत नाही, तिची शाई तडकायची. आता नटबोल्टच्या ढोलक्या आल्यात, पिशवीत पाना ठेवायचा आणि आवळायचं. “पन पान्यानं सूर चढतो,” मामा म्हणाले, “घुमारा चढत न्हाय. घुमारा मनगटात.” आणि त्यांनी ढोलकी नसताना डाव्या हाताचं मनगट हवेत जरासं दाबलं. आवाज काही झाला नाही, पण मला तो ऐकू आला असं मी शपथेवर सांगेन.

प्रेरणेचा प्रश्न त्यांना कळला नाही, की कळूनही त्यांनी तो सोडून दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं, की गाणारी बाई काळी चारमध्ये गाते की पाचमध्ये ते सकाळीच विचारून ठेवायचं, म्हणजे उजवी बाजू तिच्या गळ्याला लावता येते. रात्रीत दोन गावं झाली असतील तर दुसऱ्या गावात तिचा सूर अर्ध्यानं उतरतो. ती ते कबूल करत नाही. मग तुणतुणेवाल्यानं गुपचूप खुंटी ढिली करायची, ढोलकीवाल्यानं गुपचूप बोल्ट, आणि सगळ्यांनी मिळून काहीच झालं नाही असं वाजवायचं. इतकं नाजूक गुपित मी एकाही मुलाखतीत वाचलं नव्हतं. पुढच्या प्रश्नाचं पान मी उलटलंच नाही.

उगाच आपलंही काहीतरी सांगावं म्हणून मी त्यांना लेड झेपेलिन या रॉक बँडची गोष्ट सांगितली. १९७१ साली त्यांचा चौथा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यासाठी जॉन बोनमचे ड्रम्स एका जुन्या वाड्यासारख्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी मांडले, माइक वर जिन्यात टांगले, आणि त्या जिन्याच्या पोकळीतून जो आवाज वर चढत गेला त्यावर जगातले ड्रमवाले अजून उसासे टाकतात. मामा लक्ष देऊन ऐकत होते. “म्हंजी घर वाजलं,” ते म्हणाले. “आमच्याकडं रान असतंया. रानात टाकलेला आवाज माघारी येत न्हाय. त्यो द्यायचा आन् इसरायचा.” मग जरा थांबून म्हणाले, लहानपणी लेण्याद्रीच्या गणपतीच्या त्या मोठ्या दगडी दालनात त्यांनी एकदा टाळी वाजवली होती, ती परत आली तेव्हा ते घाबरून आईमागं लपले होते. आजीचा खडक असा चाळीस वर्षांनी मला गाठायला आला.

इथून जवळच, खोडदला, दुर्बिणी आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० अवाढव्य तबकड्या, काही खोडदच्या रानात एकत्र, बाकीच्या दूरवर पांगलेल्या, सगळ्यांचे कान आभाळाकडं. रेडिओ लहरींचा गोंगाट या भागात कमी म्हणून शास्त्रज्ञांनी ही जागा निवडली. साऱ्या महाराष्ट्राला जागं ठेवणारं गाव आणि विश्वातली कुजबुज ऐकायला निवडलेलं रान एकमेकांच्या शेजारी नांदतात, आणि एकाचा दुसऱ्याला काडीचा त्रास नाही, कारण ढोलकीच्या लहरी वेगळ्या आणि ताऱ्यांच्या वेगळ्या. मी मामांना स्पंदकांबद्दल सांगितलं: मेलेल्या ताऱ्यांचे गाभे, स्वतःभोवती गरगर फिरतात आणि ठरल्या वेळेला ठोका देतात, इतका नेमका की घड्याळ लावून घ्यावं. मामांनी विचार केला. “ठोका चुकत न्हाय?” जवळजवळ नाहीच, म्हटलं. “मंग तोडा कवा घेतो?” यावर खगोलशास्त्राकडं काय उत्तर आहे ते मला माहीत नाही. पण समेच्या आधी एक श्वास मुद्दाम अडवून ठेवणं, ऐकणाऱ्याला वाटावं की गेला, चुकला, आणि मग अगदी काठावरून त्याला झेलणं, हे मेलेल्या ताऱ्याला जमत नसणार याबद्दल आम्हा दोघांचं एकमत झालं.

चहा आला. कमिटीची बाहेर अजून घासाघीस चालली होती. बोलता बोलता मामांचं मूळ गाव निघालं: जुनं आंबेगाव, डिंभे धरणाखाली गेलेलं. गाव पाण्यात आहे आणि तालुक्याचं नाव अजून त्याचंच, कचेऱ्या घोडेगावात. मला ओळखीचं वाटलं ते. मूळचा एकही वादक उरलेला नाही आणि तरी फलकावर जुनंच नाव लावून फिरणारे कितीतरी बँड मी पाहिलेत, त्यांच्यावर तिरकस लिहिलंय. आता ते तिरकसपण जरा मागं घ्यावंसं वाटलं. मामा म्हणाले, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही जोती दिसतात. ते बघायला जात नाहीत. सुपारीचे दिवस असतात.

उठताना लक्षात आलं, दोन तास झाले, वही अर्धी भरली, आणि मी ढोलकी ऐकलीच नाही. वादकाची मुलाखत वाद्याविना! मी संकोचत म्हटलं, मामा, थोडंसं वाजवता? त्यांनी गवसणी सोडली, शाईवर तळवा ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात, आणि गवसणी पुन्हा ओढली. “आज नगं, पाव्हणं. चामडं झोपलंय.”

मी नाशिक रस्त्याला लागलो. टोमॅटोची पिकअप गेली, मग एसटी गेली. एसटीचा आवाज विरला आणि मागून, कनातीतून, एक थाप आली. एकच, दबक्या हाताची, जागं आहे का बघणारी. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. आभाळ तसंच होतं. दुसरी येईल म्हणून मी उभा होतो, वही बगलेत धरून, बराच वेळ.