हातचं सोडून हातांच्या पाठी

'व्हिएतनाम : एक सांस्कृतिक यात्रा' या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर दोन हात आहेत. डोंगरातून वर आलेले, शेवाळलेले, तडे गेलेले अवाढव्य पंजे आणि त्यांच्यावर तोललेला सोनेरी पूल. सहलपूर्व बैठकीत शेजारच्या काकू पत्रक बघून हरखल्या. "किती हजार वर्षांपूर्वीचं असेल हो! तेव्हा क्रेनसुद्धा नव्हत्या."

काकू, क्रेन होत्या. हा पूल २०१८च्या जून महिन्यात खुला झाला. नोटाबंदीला तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. हात फायबरग्लासचे आणि तारेच्या जाळीचे आहेत, भेगा नि शेवाळ जुनेपणासाठी मुद्दाम दाखवलंय. थोडक्यात, गणेश मंडळाचा देखावा. फरक एवढाच, की याचं विसर्जन होत नाही.

पण संस्कृती म्हटली की तिला वेळ द्यावाच लागतो. म्हणून कार्यक्रमात हातांना एक अख्खा दिवस आहे. सकाळी दा नांगहून निघायचं, केबल कारने सुमारे चौदाशे मीटर उंचीवर जायचं, डाव्या हाताबरोबर फोटो, उजव्या हाताबरोबर फोटो, मग दोन्ही हात एका चौकटीत येईनात म्हणून लोकांना बाजूला सरकवत तिसरा फोटो. जोडप्यांनी करंगळीपाशी थांबावं, असं टूर मॅनेजरने खास सुचवलं. तिथे उजेड चांगला असतो म्हणे. नंतर तिथलंच 'फ्रेंच गाव'. फ्रेंचांनी शंभर वर्षांपूर्वी या डोंगरावर थंड हवेचं ठिकाण वसवलं, ते गेले, बंगले ढासळले आणि आता पर्यटकांसाठी नवंकोरं जुनं फ्रान्स बांधून काढलंय. म्हणजे मराठी माणसाने व्हिएतनामची संस्कृती बघायला जायचं आणि फ्रान्सच्या नकलेसमोर उभं राहून आइस्क्रीम खायचं. पुढच्या वर्षी हीच मंडळी युरोपला जाणार आणि खरं फ्रान्स बघून म्हणणार, "व्हिएतनाममधलं जास्त स्वच्छ होतं."

माझा आक्षेप हातांना नाही. हौसेला मोल नसतं, आणि असलंच तर ते पॅकेजमध्ये धरलेलं आहे. माझी तिडीक आहे ती सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत : 'मी सोन मंदिरे – वेळ मिळाल्यास.'

वेळ मिळाल्यास! होई आनच्या मुक्कामापासून ही मंदिरं तासाभराच्या रस्त्यावर आहेत. चौथ्या शतकात चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिव स्थापला. पुढे सातआठशे वर्षं तिथे देवळं उठत राहिली, शिलालेख संस्कृतात कोरले गेले. विटा अशा बसवलेल्या, की सांध्यात चुना दिसत नाही. त्या कशा चिकटवल्या यावर जाणकार अजून वाद घालतात. ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी बॉम्बनी सगळ्यात मोठं शिखर जमीनदोस्त केलं. देवळांशेजारी बॉम्बचे खड्डे आजही आहेत, त्यांत गवत माजलंय. २०२०मध्ये भारतीय पुरातत्त्वज्ञांना तिथे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. त्या आठवड्यात याच सभागृहातल्या झाडून सगळ्यांनी मला त्याचा फोटो पाठवला होता, खाली 'गर्वाने फॉरवर्ड करा'. मी कुणाला थांबवलं नाही. आता तेच लिंग बसने तासाभरावर आलंय तर अभिमानाला वेळ मिळत नाही! आणि ही देवळं बांधणारे चाम लोक काही नामशेष झालेले नाहीत. दक्षिणेला फान रांगच्या आसपास ते राहतात, शरदात विटांच्या बुरुजाशी काते नावाचा उत्सव करतात, देवाला वस्त्रं नेसवतात. पत्रकात त्यांचा उल्लेख नाही. ते फायबरग्लासचे नाहीत, हा त्यांचा दोष.

मी उभं राहून विचारलं. मॅनेजर अत्यंत गोड मुलगा. "काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण तिथे ऊन फार, चालणं फार, आणि खरं सांगू का, सगळं पडकंच आहे हो. लोक नंतर कंप्लेंट करतात. तरी मी सोन करायचं असेल तर हातांचा दिवस सोडावा लागेल."

सभागृहात अशी शांतता पसरली, जणू मी कुणाचा पासपोर्ट फाडला. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तोडगा सुचवला : मतदान घेऊ या. देवळांच्या बाजूने माझा हात वर गेला आणि एका शाळकरी मुलाचा. त्याचा त्याच्या आईने खाली ओढला.

"चला, क्लिअर झालं," मॅनेजर म्हणाला. "आता महत्त्वाचं. ग्रुपची टोपी यंदा भगवी की आकाशी?" त्यावर पाऊण तास चर्चा झाली.