त्याच दिवशीचं विमान? बाप्पा!

कळलं का तुम्हाला? लक्ष्मीनगरातल्या एका घराने, नाव घेत नाही, उगाच भिशी फुटायची, क्रूझ सुटणार त्याच दिवशीचं विमान बुक केलंय. जहाज संध्याकाळी मुंबईहून हलणार आणि ही मंडळी त्याच सकाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडणार. सोबत सासूबाई, दोन पोरं, सहा बॅगा आणि पार्टीच्या रात्रीसाठी खास शिवून घेतलेला काळा गाऊन. वर वहिनी विचारतात कशा, "काकू, तुम्ही आदल्या दिवशी जाऊन राहिल्या का? काऊन? हॉटेलचे पैसे जास्त झाले का?"

बाप्पा! एवढी हिंमत तर लोक शेअर बाजारातही करत नाहीत.

नागपुरात क्रूझला जाणं ही आता बातमीच राहिलेली नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, बोट. साठी, बोट. बँकेतून निवृत्ती, बोट. पूर्वी या सगळ्याला शेगाव पुरायचं, फार तर चिखलदरा. अंबाझरी आणि फुटाळ्यापलीकडे ज्यांनी पाण्याचं तोंड पाहिलं नाही, ते आता "आम्ही बाल्कनीवाली केबिन घेतली" असं लिफ्टमध्ये ऐकवतात. आतली, खिडकी नसलेली केबिन घेणारेही पुष्कळ आहेत म्हणे, पण ते लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

आता दोष तरी कोणाला द्यायचा? हे खूळ आपल्याच लोकांनी लावलंय. २० ऑक्टोबर २०१८ ला मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोटीला हिरवा झेंडा दाखवायला कोण उभे होते? केंद्रात जहाजबांधणी खातं सांभाळणारे नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. दोघेही पक्के नागपूरकर! समुद्रापासून रेल्वेने ८३७ किलोमीटर दूर असलेल्या गावाने आरमारवाल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावाची बोट पाण्यात लोटली, याला काय म्हणावं? कोकणातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून ट्रंका डोक्यावर घेऊन बोटी पकडल्या, उलट्या करत घरं गाठली. त्याला बोटीची हौस उरलेली नाही. हौस आम्हाला.

मग २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' आली. एम्प्रेस म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसाला १८७७ ची टाटांची मिल आठवते, पण ही बाई वेगळी. फ्रान्समध्ये बांधलेली, १९९० ची, आधी नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज', आणि पस्तिशीच्या घरात असूनही तोरा कायम. इकडे येऊन महिना झाला नाही तोच २ ऑक्टोबरला अमली पदार्थांसाठी एनसीबीची ती गाजलेली धाड. तेव्हा टीव्हीसमोर बसून "शी, काय हे थेर, काय ते क्रूझ" म्हणणारी एक मावशी मागच्या हिवाळ्यात त्याच बोटीच्या डेकवर, गॉगल लावून, जैन थाळीचा फोटो टाकताना दिसली. आम्ही काही बोललो नाही. फक्त चार जणींना पाठवला.

तर मुद्दा बोटीचा नाहीच. मुद्दा तारखेचा. क्रूझच्या नावाने नागपुरात सरळ दोन तट पडलेत. एक त्याच दिवशीवाले, दुसरे आदल्या दिवशीवाले, आणि दोघंही एकमेकांना वेड्यात काढतात.

त्याच दिवशीवाल्यांचा हिशेब ऐका. विमान दीड तासाचं. धरमपेठेहून सोनेगाव वीस मिनिटं, सिग्नल लागले तर पंचवीस. मग मुंबईत उतरल्यावर बंदर कितीसं लांब असणार? नागपूरकर अख्खी मुंबई नागपूरच्या घड्याळाने मोजतो, तिथेच घोटाळा. विमानतळ अंधेरी-सांताक्रूझला आणि जहाज बॅलार्ड पिअरला, म्हणजे अख्खी मुंबई उभी चिरत जायचं. बरं, या मंडळींकडे उत्तरं तयार असतात. भुयारी मेट्रो! ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, विमानतळाखाली चढा आणि सीएसएमटीला उतरा. खोटं नाही. पण सहा बॅगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई घेऊन ते सरकते जिने एकदा करून दाखवा, मग बोलू.

त्यात आता नवी गंमत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय आणि नागपूरची विमानं तिथेही जातात. तिकीट काढणाऱ्या पोराने स्वस्त दिसलं म्हणून बटण दाबलं, वडील सांताक्रूझला न्यायला भाचा उभा करून बसले, आणि स्वतः उतरले उलव्याला! भाचा अजून बोलत नाही म्हणतात. खरं तर तिथून अटल सेतूने बंदर गाठणं तितकंसं वाईट नाही. पण आपण कोणत्या मुंबईत उतरतोय हे उतरण्याआधी माहीत असलेलं बरं.

पण मुंबईचा रस्ता हा या गोष्टीतला खलनायक नाहीच, आणि हेच त्याच दिवशीवाल्यांना समजावून आमची तोंडं दुखली. रस्त्यात तास गेला, दोन गेले, तरी माणूस जहाजापर्यंत पोचतो. धोका आहे सोनेगावलाच. सकाळी सातला फलकावर तुमच्या विमानापुढे 'रद्द' असं झळकलं तर काय करणार? पुणेकराचं बरं आहे. तो गाडी काढतो, घाट उतरतो, चार तासांत बंदरावर उभा राहून वर उशीर झाल्याबद्दल जहाजवाल्यांनाच चार गोष्टी सुनावतो. आपल्याकडे समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटर, कागदावर आठ तास. ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडाही खुला झाला, सगळं कबूल. पण तो संपतो भिवंडीजवळ आमण्याला, आणि आमण्यापासून पुढे समृद्धी नाही, भिवंडी आहे. सकाळी आठला निघालेला माणूस तिथे पोचेतो बंदरातला काउंटर बंद. त्या वेळी रेल्वेही कामाची नाही. म्हणजे विमान गेलं की नागपूरकराला त्या दिवसात दुसरा रस्ताच नाही.

"विमानं काही रोज रद्द होतात का?" असं वहिनींनी विचारलंच. रोज नाही होत. पण २०२५ च्या डिसेंबरात पहिल्याच आठवड्यात काय झालं ते विसरलात का? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, वैमानिक कमी पडले, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात देशभरात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. ऐन क्रूझचा मोसम, ऐन लग्नाचा मोसम. विमानतळांवर नवरदेव अडकले तिथे तुमचा गाऊन कोण विचारतो? शिवाय हिवाळ्यात दिल्लीला धुकं पडतं. तुम्ही म्हणाल दिल्लीशी आपला काय संबंध, पण तुम्हाला मुंबईला नेणारं विमान सकाळपासून कुठे कुठे फिरून येतंय ते कोणाला माहीत? आणि मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यानंतर दुरुस्तीसाठी दोन्ही एक दिवस सहा तास बंद असतात. ती तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर होते. वाचतो कोण? आम्ही वाचतो. म्हणून तर आमचं तोंड वाईट.

आणि जहाज? ते थांबत नाही हो. एकदा का बंदराचा पायलट चढला, टग बोटी लागल्या, धक्क्यावरची वेळ ठरली, की एका लक्ष्मीनगरासाठी अठराशे माणसं कोणी खोळंबून ठेवत नाही. काउंटर तर जहाज सुटण्याच्या बराच आधी बंद होतो. मार्च २०२४ मधली ती आफ्रिकेतली भानगड आठवते ना? साओ तोमे बेटावर फिरायला उतरलेल्या आठ जणांना यायला उशीर झाला, जहाज समोर दिसत होतं तरी कॅप्टनने वर घेतलं नाही. बिचारे देशामागून देश ओलांडत जहाजाचा पाठलाग करत सुटले. त्यांच्या जहाजाला निदान पुढची बंदरं तरी होती. आपल्या दोन रात्रींच्या 'हाय सी' सहलीत जहाज समुद्रात जातं आणि मुंबईलाच परत येतं. पकडणार कुठे? पोहत? आणि उशीर झाला म्हणून न चढलेल्यांना पैसे परत मिळत नाहीत, ते तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचा.

आता आदल्या दिवशीवाल्यांनीही फार हसू नये. त्यांचीही अंडीपिल्ली आम्हाला ठाऊक आहेत. हॉटेलात राहतो म्हणतात आणि जातात डोंबिवलीला, चुलत नणंदेकडे. संत्र्याची बर्फी दोन डबे, डबाभर सांबारवडी, आणि दाराशीच प्रश्न: "अगंबाई, बोटीवर? आणि आम्हाला सांगितलंही नाहीस?" मग रात्री बारापर्यंत रुसवे, सकाळी आठच्या गर्दीत बॅगांसकट लोकल, आणि जहाजावर पाय ठेवण्याआधीच माणूस अर्धमेला. फोर्टात हॉटेल घेणारे थोडेच, आणि तेही भाडं सांगताना जीएसटी गाळतात.

पण खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. तिसराही एक तट आहे, आणि तो लपून राहतो.

दुरांतोवाले!

हो. गावभर "फ्लाइटने चाललो" सांगायचं आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास नागपूर स्टेशनावर, टोपी खाली ओढून, थर्ड एसीत शिरायचं. गेल्या मोसमात दोन घरं एकाच डब्यात समोरासमोर आली. दोघांनी क्षणभर ओळखच दाखवली नाही. मग वर्धा यायच्या आत पोळ्या आणि पाटवडीचे डबे एकत्र उघडले, आणि ठरलं की ही गोष्ट डब्याबाहेर जाणार नाही. अर्थात आमच्यापर्यंत आलीच.

आणि खरं सांगू का? शहाणे तेच आहेत. दुरांतो सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला लागते. स्टेशनापासून बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटर, टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून कुरकुरेल इतकं. गाडी तीन तास उशिरा आली तरी जहाज समोरच उभं. वेळेवर आली तर सामान ठेवा, फोर्टात हिंडा, दुपारी बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ पासूनच्या 'ब्रिटानिया'त बेरी पुलाव खा आणि बंदराच्या ग्रीन गेटमधून रुबाबात आत जा. आदल्या दिवशी निघाल्याचं सुख, हॉटेलचा खर्च शून्य, नणंदेचा रुसवा शून्य. साहेबाच्या काळीही विलायतेच्या बोटीचं आणि आगगाडीचं असंच जमायचं. १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातूनही सुटायची, बोटीतून उतरलेल्यांना घेऊन. गोऱ्या साहेबाला जी रेल्वे चालली ती आमच्या वहिनींना कमीपणाची वाटते!

यात त्रास एकच, आरक्षण. खिडकी ६० दिवस आधी उघडते आणि सणासुदीला डोळ्यांदेखत वेटिंगवर जाते. तेव्हा क्रूझचं बुकिंग केलं की त्याच वहीत ती तारीखही लिहून ठेवा. विमानच हवं असेल, इभ्रतीचा प्रश्नच असेल, तर आदल्या दिवशीचं घ्या. आणि अगदी हट्टच असेल त्याच दिवशीचा, तर दिवसातलं पहिलं विमान घ्या, नंतरची विमानं आधीच्यांचा उशीर घेऊन येतात. पण मग विमान रद्द झालं तर आमच्याकडे रडत येऊ नका. या, पण चहा तुम्ही पाजायचा.

आता परतीचं. जाताना एवढा काथ्याकूट करणारी माणसं येताना खुशाल जहाज धक्क्याला लागतं त्याच सकाळचं दहाचं विमान काढून ठेवतात. जहाज सहाला लागलं म्हणजे आपण सहाला बाहेर, असं त्यांना वाटतं. एकेका डेकचा नंबर लागत उतरायचं असतं, बॅगा शोधायच्या असतात, सासूबाईंना शेवटचा मोफत नाश्ता सोडायचा नसतो. विमान चुकतंच. पण ही चूक आम्ही माफ करतो. का म्हणाल तर संध्याकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीवरून विदर्भ एक्सप्रेस आहे, आणि तिकीट मिळालं नाही तर मध्यरात्रीची दुरांतो. जाताना जहाज चुकलं तर सहल बुडते, येताना विमान चुकलं तर फक्त तोरा बुडतो. तोही पुरता नाही म्हणा. इगतपुरी येईपर्यंत अख्ख्या डब्याला बाल्कनीवाल्या केबिनचे फोटो दाखवून झालेले असतात, आणि समोरच्या बर्थवरच्या काकू विचारत असतात, "तुम्ही गेल्या होत्या कशाने? त्याच दिवशीच्या विमानाने? बाप्पा!"