चार चाकांचे बापू

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की गावागणिक एक तरी बापू भेटतो. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याहून पांढरी एमएच ४२ची स्कॉर्पिओ आणि तिच्याखाली चार काळेभोर टायर. कुणाला आबा म्हणत असतील, कुणाला तात्या. गाडी फॉर्च्युनर असेल, नाहीतर हप्त्यावरची बोलेरो. टायर मात्र सगळ्यांचे सारखेच चकाकतात.

बापूंचा दिवस वॉशिंग सेंटरवर उजाडतो. काचा आणि टप पोरावर सोडून बापू खुर्ची घेऊन चाकासमोर ठाण मांडतात.

"ए लका, तापल्या डिस्कवर फेस मारू नको. दम खाऊ दे तिला."

यात बापू चुकत नाहीत. तापल्या डिस्कवर फेस तिथल्या तिथं वाळतो आणि डाग धरतो. ब्रेकची काळी भुकटी निघता निघत नाही. त्यात लोखंडाचा अंश असतो, तो पुढं गंजतो. जहाल ॲसिड मारलं तर भुकटी जाते, पण डिस्कची चमकही घेऊन जाते. म्हणून डिकीत बापूंचं स्वतःचं सामान: आऱ्यांना मऊ ब्रश, आतल्या कडेला लांब दांड्याचा आणि नटांच्या खोबणीला दात घासायचा जुना ब्रश. तो अजून तितका जुना झाला नव्हता, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

मग पॉलिश. पाण्यातलं लावलं तर टायर नुसता नवा दिसतो. नुसतं नवं दिसणं बापूंना पुरत नाही. त्यांना सिलिकॉनचं, तेलकट पॉलिश लागतं. ते जादा लावून लगेच गाडी पळवली, तर फिरतं चाक त्याचे काळे थेंब पांढऱ्या दारावर उडवतं. म्हणून बापू ते मुरेपर्यंत हलत नाहीत. इकडं मांडवात अक्षता वाटून झालेल्या असतात, आणि नवरदेव याच गाडीतून यायचा असतो.

टायर तपकिरी पडला की बापूंचं जेवण उडतं. खरं तर तो मळलेला नसतो. हवेतल्या ओझोननं रबराला तडे जाऊ नयेत म्हणून कारखान्यातच त्यात द्रव्यं घातलेली असतात. ती हळूहळू वर येतात आणि तपकिरी होतात. म्हणजे टायर आपली काळजी आपणच घेत असतो. हे बापूंना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही आहोत की. त्याला कशाला तरास?"

बापूंचा खरा वैरी म्हणजे गळीत हंगाम. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याची वाट धरा. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर पाचट आणि चिखल सांडत चाललेल्या. बापू त्यातनं गाडी अशी काढतात, जणू कुणाच्या रांगोळीतनं चाललेत. स्वतःच्या रानात ते जुन्या मोटारसायकलवर जातात. ज्या उसाच्या बिलावर गाडी आली, त्या उसाचं तोंड गाडीनं अजून पाहिलेलं नाही.

२०२५च्या मे महिन्यात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याची निवडणूक झाली आणि जूनमध्ये माळेगावची. बापूंना उमेदवारी कुठंच नव्हती, पण टायरांना उसंत नव्हती. नेत्याच्या बंगल्याबाहेर पंचवीस पांढऱ्या गाड्यांत आपली ओळखू यायची, तर पॉलिशशिवाय दुसरा उपाय काय?

परवा पंक्चर काढणाऱ्यानं चाक खोललं, आडवं पाडलं आणि नक्षीवरनं अंगठा फिरवला. अंगठा सरळ घसरत गेला.

"बापू, नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर तरी पाहिजे. इथं काहीच न्हाई."

"नक्षी खाली असती. ती कोण बघतंय?"

"रस्ता बघतोय." त्यानं कडेचा चार आकडी शिक्का पुसून दाखवला. "हे बघा, ३४१६. म्हणजे २०१६ सालातला चौतिसावा आठवडा. म्हातारा झाला ह्यो."

बापूंनी टायरची झळाळती कड न्याहाळली. "वय दिसतंय का पण?"

"पुढचे दोन तरी बदला. पावसाळा तोंडावर आलाय."

बापू गंभीर झाले, किंमत विचारली, अजून गंभीर झाले. शेवटी म्हणाले, "बदलू की. पण आधी सांग, नव्या टायरला पॉलिश असं धरतं का?"