दारात उभा मुनशी

सकाळची दिनचर्या म्हणजे डोळा उघडणे आणि न्याहारी यांच्या दरम्यान माणूस स्वतःवर लादून घेतो ती कामे. ती आदल्या रात्री जेवण झाल्यावर ठरते आणि बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी गजराच्या पहिल्या ठोक्याला मोडते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येलाच दिला आहे. निरोगी माणसाने ब्राह्म मुहूर्तावर उठावे, असे त्यात सांगितले आहे. हा मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे आधी संपतो, म्हणजे उठायची वेळ घड्याळाने नव्हे तर गावाने ठरते. जूनच्या मध्यात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, कोलकात्याचा पाचच्याही आधी. बदली होऊन तिथल्या फोर्ट विल्यम किल्ल्याच्या परिसरात राहायला गेलेल्या मराठी माणसाला तेवढेच पुण्य पदरात पाडून घ्यायला सव्वातीनला उठावे लागते. बदलीच्या भत्त्यात याचा विचार केलेला नसतो.

हा किल्ला क्लाइव्हने १७५८ मध्ये बांधायला घेतला. तोफांना समोरचे सगळे स्वच्छ दिसावे म्हणून भोवतीचे जंगल तोडले आणि त्यातून कोलकात्याचे प्रसिद्ध मैदान तयार झाले. शत्रू काही आला नाही आणि तटावरच्या तोफांना लढाईत तोंड उघडायची वेळ आली नाही. तोफांसाठी राखलेल्या त्या मोकळ्या जागेवर आता रोज पहाटे मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेले पोट यांच्याविरुद्ध मोहीम निघते आणि बहुतेक वेळा चहाच्या टपरीपाशी तह होतो. (मराठ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला आणि तो अर्धवट सोडला. तिथल्या या किल्ल्याला आता कोकणातल्या विजयदुर्गाचे नाव मिळाले आहे. उशिरा उठणाऱ्यांनी या हिशेबातून धीर घ्यायला हरकत नाही.)

चालण्याच्या बाबतीत कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांच्या पुढे कोणी गेलेला दिसत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १७८४ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक. गार्डन रीचचे त्यांचे घर शहरापासून काही मैलांवर होते. तिथून ते अंधारातच पायी निघत आणि उजाडता उजाडता शहरातल्या आपल्या खोल्यांत पोचत. कोर्ट भरायला तेव्हा पुष्कळ अवकाश असे आणि त्या वेळात संस्कृत होई.

मात्र दिनचर्येचा खरा नमुना फोर्ट विल्यम कॉलेजच्या विल्यम केरी यांचा. हे कॉलेज गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८०० मध्ये काढले. नाव किल्ल्याचे असले तरी वर्ग भरत रायटर्स बिल्डिंगमध्ये. विलायतेहून आलेल्या कोवळ्या साहेबांना इथे देशी भाषा शिकवत. केरी मूळचे चांभार. इथे ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश. मराठी माणसाने आपल्या भाषेच्या छापील व्याकरणासाठी हुगळीकाठच्या एका माजी चांभाराचे आभार मानायचे, ते यामुळे.

१२ जून १८०६ या दिवसाचा हिशेब केरींनी स्वतःच लिहून ठेवला आहे. पावणेसहाला उठले. हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचला. सातपर्यंत एकांतात प्रार्थना, मग नोकरचाकरांसह बंगालीत. चहा होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी, न्याहारीआधी थोडे हिंदुस्तानी. पोटात घास जाण्याआधी चार भाषा झाल्या होत्या. न्याहारी आटोपताच पंडितासह संस्कृत रामायणाचे भाषांतर, दहाला कॉलेज. दुपारनंतर बंगाली बायबलची मुद्रिते, मॅथ्यूचे संस्कृत भाषांतर आणि सहानंतर तेलुगूची शिकवणी. तेलुगू त्यांना अजून येत नव्हती, एवढीच वाचणाऱ्याला सवलत.

इथे एक बारकावा सुटता कामा नये. त्या काळी घड्याळ गावच्या सूर्यावर लावत. त्या हिशेबाने जूनमधला कोलकात्याचा सूर्योदय सव्वापाचच्या आसपास पडतो. म्हणजे केरी उठले तेव्हा ऊन अंगणात येऊन अर्धा तास झाला होता. वाग्भटाच्या मापाने हा सूर्यवंशी माणूस. कुठल्याही मराठी आजीने त्यांना ऐकवले असते.

मग एवढे काम झाले कसे? याचे उत्तर त्याच हिशेबात आहे. केरी झोपायच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मुनशी वाट पाहत होता आणि न्याहारी संपली तेव्हा पंडित. गजराचे तोंड दाबता येते, दारात ताटकळणाऱ्या मुनशीचे दाबता येत नाही. सकाळ सुधारण्याच्या पुस्तकांत निश्चय, ध्यान आणि कोमट पाणी यांवर प्रकरणे असतात. मुनशीवर एकही नसते. महाराष्ट्रात हे काम नगरपालिका करते. ज्या गल्लीत नळाला पाणी पाचला येऊन साडेपाचला जाते, तिथे आळशी माणूस शोधूनही सापडत नाही. हंडे, बादल्या, पिंप आणि वेळ पडल्यास पातेलीही भरून होईपर्यंत सकारात्मक विचारांना कोणाला फुरसत नसते. दूधवाला, शाळेची रिक्षा आणि सातची लोकल ही त्याच मुनशीची भावंडे. किल्ल्याच्या आतल्या जवानांना तर बिगुल आहे आणि बिगुलानंतर हवालदार.

केरींच्या दारात हजर राहण्यासाठी तो मुनशी स्वतः किती वाजता उठत असे, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्या घरी पत्रे मागणारा विलायतेतला मित्र नव्हता. केरींना तो होता, डॉ. रायलंड. आपल्याकडून पत्रे का होत नाहीत, हे त्याला पटवण्यासाठी केरींनी हा दिवसाचा पाढा वाचला. तो लिहायला ते बसले तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते आणि ग्रीक बायबलचा एक अध्याय अजून वाचायचा होता.