टेलीमार्क-साहित्याची निवड : सिल्वासाच्या होतकरू रहिवाशांस काही सूचना

दादरा आणि नगर हवेलीच्या मुलखात बर्फ पडत नाही, ही वस्तुस्थिती प्रारंभीच मान्य करून टाकणे इष्ट. कारण ती दडवून ठेवल्यास पुढे ऐन खरेदीच्या वेळी कुटुंबीय मंडळी ती उकरून काढण्याचा संभव असतो. येथे जे काही पडते ते जून ते सप्टेंबर या अवधीत, द्रवरूपाने आणि मुबलक पडते. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील ज्या डोंगरांत उगम पावते तेथेही हिमाचा लवलेश नसल्यामुळे, वरून काही वाहत येईल अशीही आशा धरावयास जागा नाही. तथापि ज्या गृहस्थाने टेलीमार्क पद्धतीचे स्कीइंग शिकण्याचा निश्चय केला आहे, त्याने हवामानाची ही हरकत मनावर घेण्याचे कारण नाही. साहित्याची निवड शांत चित्ताने करावयाची तर बर्फापासून दूर असणेच श्रेयस्कर, असे आमचे मत आहे. बर्फ समोर दिसला की मनुष्य उतावीळ होतो आणि दुकानदार दाखवील ते पायांत घालून मोकळा होतो.

टेलीमार्क हा नॉर्वे देशातील एक प्रांत. त्यातील मॉर्गेदाल या खेड्याचा सोंद्रे नॉरहाइम नावाचा एक गरीब कुळवाडी १८६८ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ओस्लोत, आला आणि वेताप्रमाणे पिळलेल्या डहाळ्यांच्या बंधांनी पायांस जखडलेल्या लाकडी पट्ट्यांवरून त्याने अशी काही वळणे घेतली की राजधानीतील प्रतिष्ठित मंडळी थक्क झाली. या पद्धतीचे मर्म इतकेच की, स्कीला फक्त पायाचा चवडा बांधलेला असतो, टाच मोकळी राहते, आणि वळण घेताना एक पाय पुढे सारून मागील गुडघा जवळजवळ भूमीस टेकेपर्यंत वाकवावा लागतो. सारांश, वीरासन घालावयाचे. फरक एवढाच की ते उतारावर, वेगात आणि डाव्या-उजव्या पायांची सतत अदलाबदल करीत घालावयाचे. म्हणून गुडघा हे या विद्येचे आद्य साहित्य होय. ते हल्ली बदलून मिळते हे खरे, परंतु स्की-विक्रेत्याच्या हमीपत्रात त्याचा समावेश नसतो.

या मुलखात ही विद्या यापूर्वीच का रुजली नाही, याचा दोष आम्ही पोर्तुगीजांच्या माथी मारतो. मराठी आरमाराकडून झालेल्या ‘सांताना’ जहाजाच्या नुकसानीच्या भरपाईपोटी पेशव्यांकडून नगर हवेलीचा वसूल पदरात पाडून घेतल्यावर त्यांनी १७८३ पासून १९५४ पर्यंत येथे ठाण मांडले. प्रार्थनामंदिर आणले, दफ्तर आणले, हुकूमनामे आणले. परंतु स्वदेशी १,९९३ मीटर उंचीचा आणि हिवाळ्यात बर्फाने माखणारा सेरा दा एश्त्रेला पर्वत असतानाही स्कीची एक जोडी काही आणली नाही. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि वाटेच्या हक्काचा दावा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० सालच्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की खाजगी व्यक्ती, मुलकी अंमलदार आणि सर्वसाधारण माल यांना भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क होता, सशस्त्र दले, सशस्त्र पोलिस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नव्हता. पोलादी कडांची, बंदुकीच्या नळीहून लांब आणि टोकदार काठ्यांसह येणारी स्की यांपैकी कोणत्या सदरात मोडते, हा प्रश्न विद्वान न्यायमूर्तींसमोर आलाच नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे ती सर्वसाधारण माल आहे. परंतु वापीच्या स्टेशनावरील शिपायाचे मत निराळे पडू शकते, याकरिता खरेदीची पावती जवळ बाळगावी.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. नवशिक्याने प्रथम बूट घ्यावेत, आणि अंदाजपत्रकातील रक्कम तेथेच संपली तर खेद मानू नये. स्की भाड्याने वा उसनी चालते, दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा बूट चालत नाही. पूर्वी हे बूट चामड्याचे असत. १९९२ च्या सुमारास प्लॅस्टिकचे आले आणि चामड्याचे अभिमानी अद्यापि त्याचे सुतक पाळतात. नवशिक्याने प्लॅस्टिकचेच घ्यावेत, मात्र फार ताठ घेऊ नयेत. चवड्यापाशी बुटाला ज्या घड्या असतात त्या देहभाराने सहज दुमडल्या पाहिजेत, नाहीतर टाच मोकळी असूनही उचलली जात नाही आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवताच मागे सरावीत, आणि टाच आतल्या आत डुगडुगू नये. येथे सिल्वासाच्या रहिवाशाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मे महिन्यात भर दुपारी पाय सुजलेले असतात. त्या मापाने घेतलेला बूट काश्मीरच्या थंडीत इतका सैल होतो की मनुष्य वळतो आणि बूट सरळ जातो. म्हणून माप डिसेंबरातील सकाळी, लोकरीच्या एकेरी मोज्यावर घ्यावे. नंतर रोज अर्धा तास ते बूट घालून घरात वावरावे. गुळगुळीत फरशीवरून घसरण्याचा जो अनुभव येतो तो फुकट पदरात पडतो. फक्त खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडास पूर्वसूचना द्यावी.

कपड्यांची चिंता नको. करसवलतींच्या काळात येथे जे कारखाने उभे राहिले त्यांत पॉलिएस्टरच्या सुताचे इतके आहेत की परदेशी शिक्क्याच्या महागड्या जाकिटातील धागा आपल्याच गल्लीमागून गेलेला असणे अशक्य नाही. सुती बनियन मात्र घरी ठेवावे. ते घामाने भिजते, वाळत नाही, आणि हिवात अंगाशी वैर धरते.

बुटाला स्कीशी जोडणाऱ्या बाइंडिंगच्या बाबतीत दोन पंथ आहेत आणि दोहोंचे अनुयायी परस्परांच्या पंक्तीस बसत नाहीत. जुना पंथ बदकाच्या चोचीसारख्या पुढे आलेल्या, ७५ मिलिमीटर रुंदीच्या तळव्याचा. त्यात तीन खुंट्या किंवा टाचेमागून येणारी तार बूट धरून ठेवते. हे साहित्य स्वस्त, साधे आणि दुरुस्तीस सोपे. मात्र पडल्यावर पाय आपोआप सुटण्याची सोय त्यात सहसा नसते. नवा पंथ २००७ पासूनचा. त्याला चोच नाही, त्याची पकड अधिक भक्कम आणि किंमत त्याहून भक्कम. त्याच्या काही प्रकारांत पाय सुटतो. एका पंथाचा बूट दुसऱ्याच्या बाइंडिंगमध्ये बसत नाही, तेव्हा दीक्षा एकदाच घ्यावी. कोणी हितचिंतक जुनी जोडी फुकट देत असेल तर जुना पंथ श्रेष्ठ. पदरचे पैसे मोजावयाचे असतील तर नवा. बाइंडिंगला रोधक नसेल तर स्कीची दोरी पायास बांधावी, अन्यथा आपण पडल्यावर ती एकटीच दरीकडे मार्गस्थ होते.

स्कीची लांबी उभ्या माणसाच्या नाकापर्यंत असावी आणि ती मधोमध सुमारे ९० मिलिमीटर रुंद असावी, असे जाणकार म्हणतात. आमच्या मते स्वतःचे नाक मोजण्यापूर्वी घरातील माळा मोजावा; वर्षातील एकावन्न आठवडे तिला तेथेच काढावयाचे आहेत.

उरलेला आठवडा गुलमर्गचा. तेथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत आधी टाच बांधून रीतसर शिकून घ्यावे. टाच सोडण्याचा अधिकार त्यानंतरचा. भाड्याच्या दुकानांतील माल बहुतांशी बांधील टाचेचाच असल्यामुळे आपले टेलीमार्क-बूट पाहून तेथील पोरे कुतूहलाने जमतील, त्यास आदरसत्कार समजू नये. गोंडोलाचा दुसरा टप्पा आफरवतच्या अंगाला ३,९०० मीटरांच्या वर नेतो. तेथील उतार दाबून सपाट केलेले नसतात, हिमस्खलनाचे भय खरे असते, आणि ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा शोधयंत्राचा ठोकळा, शोधकाठी, फावडे व ती वापरता येणारा सोबती यांवाचून तेथे जाणे हा शुद्ध अविचार होय. एवढ्या एका वाक्यात आम्ही थट्टा केलेली नाही.

राहता राहिल्या स्किन्स, म्हणजे चढ चढताना स्कीच्या तळाशी चिकटवावयाच्या केसाळ पट्ट्या. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या किंवा मोहेरच्या असतात. नवशिक्याने नायलॉनच्या घ्याव्यात. त्या किंचित जड असल्या तरी चढावर पकड चांगली धरतात आणि अधिक टिकतात. त्यांची चिकी उष्णतेने पातळ होऊन सर्वत्र पसरते, आणि सिल्वासाचा एप्रिल तिला मुळीच मानवत नाही. म्हणून परत आल्यावर त्या पुरत्या वाळवाव्यात, चिकट बाजू जाळीने झाकावी, हवाबंद पिशवीत घालाव्यात आणि गृहिणीची रीतसर परवानगी काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहिण्यास विसरू नये. शेजारच्या पिशवीत सुके बोंबील असतील तर आषाढातल्या एखाद्या सकाळी, घाईघाईत, तव्यावर भलतीच पट्टी पडावयाची.