शूऽऽ, रेकॉर्डिंग चालू आहे!

घरगुती रेकॉर्डिस्ट ओळखायची खूण सोपी: त्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद असतं. टिकटिक माइकमध्ये येते म्हणून तो घड्याळातला सेल काढतो आणि लगेच रेकॉर्डरमध्ये घालतो. मशीनला चार सेल लागतात. बाकीचे तीन पोराच्या गाडीतून आणि टॉर्चमधून येतात. विजेवर लावलं की म्हणे गुणगुण येते.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर असा एक नमुना आहे. दिवसा बँकेत, रात्री कलावंत. वहीएवढं मल्टिट्रॅक मशीन, एक गिटार, दोन कंडेन्सर माइक. एक माइक बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर. “भोकासमोर धरलात तर नुसतं ढबढब वाजेल,” हे तो दूधवाल्यालाही सांगून झालाय. दुसरा ब्रिजच्या बाजूला. स्टँडच्या जागी फरशीवर खडूच्या खुणा. तेवढ्या भागात फडका मारायला सक्त मनाई. खोलीचा घुमारा मारायला घरातल्या सगळ्या गाद्या भिंतीला उभ्या, त्यामुळे मुक्कामाला आलेले मेहुणे सतरंजीवर. शर्टाची बटणं गिटारच्या पाठीला घासतात म्हणून वादन बनियनवर. पंखा अर्थातच बंद.

एवढं करूनही माइक गिटार ऐकतो तितक्याच आवडीनं वरच्या मजल्यावरची फोडणीही ऐकतो. मग ‘टेक सतरा’.

बायको वैतागली की तो हुकमी पान टाकतो. “ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’, १९८२! न्यू जर्सीत घरच्या खोलीत बसून केला. चार ट्रॅकचं कॅसेटवालं मशीन, बस्स!”

“त्याच्या घरी वरण-भात करत नसतील,” ती म्हणते, आणि कुकर तिसरी शिट्टी देतो.

परवा मात्र जमलं. रात्री बिल्डिंग झोपली, कुत्रीसुद्धा गप्प. तीन मिनिटं एकही सूर चुकला नाही. सकाळी त्यानं मला बोलावून हेडफोन कानांवर चढवले. खरंच सुरेख. शेवटची कॉर्ड हळूहळू विरत गेली, आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून खणखणीत प्रश्न आला: “अहो, वाजले किती?”

दोन्ही ट्रॅकवर आलाय, पुसायची सोय नाही. आणि उत्तर तरी काय देणार? घड्याळाचा सेल मशीनमध्ये होता.