पुडा, गोणी आणि गिगाबाइट

गडचिरोलीच्या बाजूला वडसा असो, मूल असो की आलापल्ली, बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात एक वाद ठरलेला. गिऱ्हाईक ३२ जीबीचं मेमरी कार्ड घेतं, गाणी भरून घ्यायला दुकानातल्याच कॉम्प्युटरला लावतं आणि पडद्यावर आकडा येतो २९.८. "बत्तीसचे पैसे घेतले ना जी तुम्ही? मंग दोन कुठी गेले?" दुकानदाराचं उत्तरही तयार असतं: "कंपनीच ठेवून घेते जी दोन." गिऱ्हाईक मान डोलावून गप्प बसतं. कंपनी काहीतरी ठेवून घेणारच, याबद्दल आपल्याकडे कुणाला शंका नाही.

या एका बाबतीत मात्र कंपनी बिचारी निर्दोष आहे. ती हजाराने मोजते. हजार बाइटचा किलोबाइट, हजार किलोबाइटचा मेगाबाइट, असं करत ३२ जीबी म्हणजे ३२ अब्ज बाइट, आणि ते कार्डात असतात. कॉम्प्युटरला दोनाच्या पटीची सवय. दोन, चार, आठ, सोळा असं दुप्पट करत गेलं की दहाव्या पायरीला १०२४ येतात. हजाराच्या इतक्या जवळचा आकडा बघून जुन्या मंडळींनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. वरच्या चोवीस बाइटांसाठी कोण भांडतं? पण फरक पायरीगणिक वाढत जातो. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, आणि टेराला जवळपास १०. म्हणून एक टीबीची डिस्क घरी आणावी तर कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो आणि घरातला शहाणा माणूस बिल शोधायला लागतो.

गडचिरोलीच्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम लागला की पहाटे अख्खं घर जंगलात जातं आणि पानं घेऊन आलं की सावलीत बसून पुडे बांधतं. तोंडानं आकडा कुणी म्हणत नाही. पोरीच्या सोयरिकीपासून रात्रीच्या नाटकातल्या खलनायकापर्यंत सगळ्या गप्पा चालू असतात, आणि हातातला पुडा ७० पानांचाच होतो. असे हजार पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग, म्हणजे ७० हजार पानं. आता कोरची किंवा धानोऱ्याकडून सीमा ओलांडून छत्तीसगडात जा. झाड तेच, पान तेच, बॅगही स्टँडर्डच, पुडेही हजारच. पण तिथला पुडा ५० पानांचा. बॅगेत ५० हजार पानं. दोन्हीकडे सोयरे असलेला माणूस बॅगेचा भाव ऐकला की आधी विचारतो, "इकडची की तिकडची?" पुडा लहान म्हणून छत्तीसगडवाल्यांना लबाड म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. इकडची की तिकडची, हा साधा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना फार उशिरा सुचला.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने तोडगा काढला: हजाराच्या हिशेबाला किलो, मेगा, गिगा ठेवा आणि १०२४ च्या हिशेबाला किबी, मेबी, गिबी म्हणा. नावं पाळण्यातल्या पोरांना शोभतील अशी, त्यामुळे बाजारात ती कुणी उच्चारली नाहीत. त्याआधी फ्लॉपीने तर कमालच केली होती. तिच्यावर १.४४ एमबी लिहिलेलं असे, आणि तो एमबी होता एक हजार गुणिले १०२४ बाइटचा. म्हणजे अर्धी गोणी महाराष्ट्राची, अर्धी छत्तीसगडची! अमेरिकेत गिऱ्हाइकं कोर्टात गेली. २००६ मध्ये डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीने तडजोड केली आणि तक्रारदारांना एक सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं. गेलेले जीबी काही मिळाले नाहीत. २००९ साली ॲपलने आपल्या कॉम्प्युटरला हजाराने मोजायला शिकवलं. त्या आवृत्तीचं नाव स्नो लेपर्ड, म्हणजे हिमबिबट्या. बिबट्याने वाद मिटवल्याची ही बहुधा एकमेव नोंद; आमच्या जिल्ह्यांत तो फक्त सुरू करतो. विंडोज अजून १०२४ नेच मोजतं आणि पुढे जीबी लिहितं. दुकानातलं भांडण तिथूनच येतं.

वाघांच्या मोजणीतही हा घोळ शिरतो. ताडोबात वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅप लावून. वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. ऊब असलेलं काहीही हललं की फोटो निघतो. मग त्यात गाय येते, मोहफुलं वेचायला निघालेली बाई येते, आणि तापलेल्या वाऱ्यात डोलणारं गवत तर हजारो वेळा येतं. २०१८-१९ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत असे ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो जमले आणि ती मोजणी गिनेस बुकात गेली. त्यांतले वाघाचे ७६ हजार ६५१. साडेचारशे फोटो चाळावेत तेव्हा एकदा वाघ. सफारीला येऊन वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर रुसणाऱ्या पाहुण्यांनी हा हिशेब पाठ करावा.

समजा, एकेक फोटो एक एमबीचा धरला. हजाराने मोजलं तर तो सगळा पसारा जवळपास ३४.९ टीबी होतो, १०२४ ने मोजलं तर ३१.७. तीन टीबींहून जास्त जंगल नाहीसं झालं आणि त्यात एकही वाघ मेला नाही, की गवताचं पातंही कमी झालं नाही. वनमंत्र्यांना विधानसभेत उत्तर द्यावं लागत नाही, अशी ही एकच घट.

शेवटी इंटरनेटच्या वेगाची गोष्ट, कारण खरी फसगत तिथे आहे. कार्डावरचा बी बाइटचा, नेटच्या जाहिरातीतला बी बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत एक बी मोठा काढतात, एक छोटा. देवनागरीत लहानमोठं अक्षर नसतंच, त्यामुळे आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात. १०० मेगाबिटचं कनेक्शन घेतलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, तेही जाहिरात खरी असेल तर. भामरागडच्या बाजूला टॉवरची कांडी दिसते नि जाते, तिथे तर तेवढंही मागू नये. तिथे ३२ जीबीचं भरलेलं कार्ड खिशात घालावं आणि मोटरसायकलला किक मारावी. दोन तासांच्या अंतरावर ते पोचवलं, तर ३२ अब्ज बाइटांचे २५६ अब्ज बिट होतात. त्यांना ७२०० सेकंदांनी भागलं की वेग पडतो सेकंदाला साधारण साडेपस्तीस मेगाबिट. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहत नसेल तरच, आणि पेट्रोल वेगळं.